भारद्वाजाच्या पोटातले शब्द

एका राज्यात दारांना कड्या नव्हत्या, कुलपे नव्हती, किल्ल्याही नव्हत्या. दारे शब्दांनी उघडत. ज्याचे दार, त्याचा परवलीचा शब्द. चौकटीशी ओठ नेऊन तो हळूच बोलावा, की दार आपसूक बाजूला सरे. पूर्वापार असेच चालत आले होते आणि कुणाला त्याचे नवल वाटत नसे.

तिथला राजा सुधन्वा. कन्या लहान असतानाच त्याची राणी वारली. तेव्हापासून राजाने राजवाडा, धान्याची कोठारे, आयुधशाळा, नगराला पाणी देणारा तलाव, या साऱ्यांचे निरनिराळे शब्द काढून टाकले आणि सर्वांना एकच शब्द दिला, राणीचे नाव. प्रधानाने हात जोडून सांगून पाहिले की असे करू नये, एका दाराचा शब्द बाहेर गेला तर सगळीच दारे जातील. राजा म्हणाला, "दिवसातून कितीदा तरी मला दारे उघडावी लागतात. तेवढ्या वेळा तिचे नाव माझ्या तोंडी येते. एवढे तरी मला राहू द्या." प्रधान पुन्हा त्याविषयी बोलला नाही.

कूटजिव्ह नावाचा एक मांत्रिक लोकांचे शब्द चोरून त्यांवर जगत असे. एके सकाळी तो फुलवाल्याच्या वेषात राजाच्या बागेपाशी उभा राहिला. राजा आला, राणीचे नाव बोलला, दार उघडले. मांत्रिकाने नाव ऐकले, आणि दुपार होण्याआधी तो राज्याच्या सगळ्या दारांतून हिंडून आला. कुठेच अडला नाही. मग त्याने प्रत्येक दारावरचे ते नाव पुसले, दारे मिटवली आणि शाप दिला, की हे नाव यापुढे माझ्या जिभेवर राहील. दुसऱ्या कुणाच्या ओठी येणार नाही, मनीही येणार नाही.

तसेच झाले. कोठारे मिटली, तलाव मिटला, नगरातल्या चुली थंडावल्या. राजवाड्यात कुमुद्वतीने, म्हणजे राजकन्येने, पाहिले की वडील राणीच्या तसबिरीपुढे उभे आहेत. त्यांचे ओठ हलत होते, पण त्यातून काही येत नव्हते.

"मुली," ते म्हणाले, "हिला मी काय म्हणत असे?"

कुमुद्वतीने आठवून पाहिले. आईचा हात आठवला, तिच्या केसांना लावलेल्या तेलाचा वास आठवला. नाव आठवेना. तिने वडिलांना मंचकावर बसवले, अंगावर शाल घातली आणि ती प्रधानाकडे गेली. प्रधान म्हणाला, की दक्षिणेच्या अरण्यात एका वडावर एक भारद्वाज पक्षी राहतो. राजाचे आजोबा आपले सगळे शब्द त्याच्यापाशी ठेवत असत. पुढे ती चाल मोडली. त्याला ठाऊक असेल तर असेल.

कुमुद्वती अरण्यात गेली. वड सापडला. भारद्वाज खालच्या फांदीवर बसला होता, पंख तांब्यासारखे, डोळे गुंजेसारखे लाल. तिने सगळे सांगितले. तो म्हणाला, "त्या चोराला ताज्या शब्दाचा वास येतो. नवे वाक्य कर, त्याने माझे पोट मिटव आणि इथेच बस. तो ते मागायला तीनदा येईल. तीनदा मागून जो रिकामा राहतो, त्याच्या जिभेवरचे चोरलेले सगळे गळून पडते."

"आणि मी चुकले तर?"

"तर तो माझ्या पोटात शिरेल. तिथे कितीतरी घरांचे शब्द आहेत. एकही उरणार नाही."

कुमुद्वतीने प्रथम स्वतःचे नाव सुचवले. भारद्वाजाने नकारार्थी मान हलवली. तिने जन्मनक्षत्र सुचवले. तो म्हणाला, की ते राजज्योतिष्यालाही ठाऊक आहे. तिच्या लाडक्या घोडीचे नाव तर घोड्याच्या पागेतला प्रत्येक जण जाणत होता. मग ती बराच वेळ वडाजवळच्या झऱ्याकाठी बसून राहिली आणि ज्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही अशा गोष्टी तिने मनात एका ओळीत गुंफल्या. लांबलचक, वेडगळ वाक्य झाले. तिला स्वतःलाच हसू आले. भारद्वाजाच्या कानात तिने ते सांगितले आणि त्याचे पोट मिटले. ते वाक्य काय होते, हे कथा सांगणाऱ्यालाही माहीत नाही.

"आता हे फक्त तुझ्याजवळ," भारद्वाज म्हणाला. "ते ऐकल्यावाचून माझे पोट मलाही उघडता येत नाही."

पहिल्यांदा एक राजदूत आला. डोक्याला जरीचा फेटा, बोटात राजमुद्रेची अंगठी. त्याने अदबीने सांगितले की महाराजांच्या आज्ञेवरून राज्यातल्या साऱ्यांचे शब्द तपासले जात आहेत, राजकन्येनेही आपला सांगावा. कुमुद्वतीने अंगठी पाहिली. ती खरी वाटत होती. तरी ती म्हणाली, की तपासायचे असेल तर दार तपासावे, त्याला माझा शब्द कशाला हवा. राजदूत नमस्कार करून गेला, आणि त्याची पावले मातीत उमटली नाहीत.

दुसऱ्यांदा एक म्हातारी धावत आली. लुगडे चिंब, श्वास लागलेला. तलावाचा बांध फुटतो आहे, ती म्हणाली, नगर बुडते आहे, तुझे वाक्य बोलल्यावाचून दार उघडणार नाही, आत्ताच्या आत्ता सांग, विचार करायला वेळ नाही. कुमुद्वती उठून उभी राहिली. वाक्यातला पहिला शब्द तिच्या ओठांवर आला. भारद्वाजाने डोळे मिटून घेतले. तेवढ्यात तिने स्वतःला आवरले, सोबत आणलेल्या भोपळ्याच्या तुंब्यातले पाणी घोटभर प्याली आणि म्हणाली, "आजी, नगर बुडत असेल तर मी स्वतः येते आणि मीच बोलते. चला, पुढे व्हा." म्हातारी पुढे झाली नाही. उन्हात दव वाळावे तशी ती वाळून गेली.



तिसऱ्यांदा तिचे वडील आले. पायात वहाणा नव्हत्या, दाढी वाढलेली, खांद्यावर तिनेच घातलेली शाल. तळपायात बाभळीचा काटा मोडला होता. ती धावत गेली, त्यांना वडाच्या मुळावर बसवले आणि त्यांचा पाय मांडीवर घेऊन काटा काढू लागली. पाय उबदार होता. टाचेवरच्या भेगा तिच्या ओळखीच्या होत्या.

"मुली," ते म्हणाले, "तुझी आई गेली. तिचे नाव गेले. उद्या तुला काही झाले तर माझ्याजवळ तुझे काय उरेल? ते वाक्य मला दे. मी तुझा बाप आहे."

कुमुद्वतीने वर पाहिले. डोळे त्यांचेच होते, त्यांतले पाणीही त्यांचेच. राजदूत ओळखता आला होता, म्हातारी ओळखता आली होती. या चेहऱ्यात तिला काहीच खोटे सापडेना. आपण खऱ्या बापाला रिकाम्या हाताने परत पाठवतो आहोत की काय, या भीतीने तिला रडू कोसळले. रडतच तिने काटा बाहेर काढला, जखम धुतली आणि आपल्या पदराची चिंधी फाडून बांधली.

"तुम्ही माझे बाबा असाल," ती म्हणाली, "तर नाही म्हटल्याबद्दल मला क्षमा कराल. नसाल, तर मला क्षमेची गरज नाही."

तिच्या मांडीवरचा पाय गार पडला. समोर कूटजिव्ह बसला होता, पायाला तिच्या पदराची चिंधी. त्याने तोंड उघडले आणि कणसातून दाणे सांडावेत तसे त्यातून शब्द सांडले. कुणाची लाडाची नावे, अंगाई, कुणी मरताना बोललेला शब्द. जमिनीला लागताच ते एकेक करून उडाले आणि ज्याच्या त्याच्या घराकडे गेले. एक नाव मात्र कुमुद्वतीच्या ओंजळीत उतरले, आणि आईचे नाव तिला आठवले. पद्मरेखा.

मांत्रिक मुका झाला. पुढे तो दूरच्या एका गावात राहिला. गावकरी त्याला भाकरी देत आणि तो त्यांची वासरे राखी.

कुमुद्वती घरी आली आणि तिने वडिलांच्या कानात ते नाव सांगितले. राजाने ते उच्चारले, आणि राज्याची मिटलेली दारे उघडली. कोठारांतून धान्य निघाले, पाटाला पाणी आले, चुली पेटल्या. सायंकाळी तिने त्याला वडाखाली आलेल्या तिसऱ्या पाहुण्याची हकिगत सांगितली. 

"त्याचा काटा काढलास?" राजाने विचारले.

"काढला."

"बरे केलेस," राजा म्हणाला. "आणि वाक्य दिले नाहीस, तेही बरे केलेस. खरोखर मी असतो तरी."

त्यानंतर राजा स्वतः अरण्यात गेला. प्रत्येक दाराला त्याने वेगळे वाक्य दिले, लांब, दुसऱ्या कुणाला न सुचणारे, आणि सगळी भारद्वाजाच्या स्वाधीन केली. प्रजेनेही तसेच केले, आणि त्याच्या पोटात ज्याचा त्याचा कप्पा ज्याच्या त्याच्या वाक्याने मिटला. राणीचे नाव त्याने कुठल्याच दाराला दिले नाही. ते तो जेवताना घेई, फिरताना घेई, मनाला येईल तेव्हा मोठ्याने घेई.

वर्षे लोटली. राजा थकला आणि एका पहाटे झोपेतच गेला. त्याचे दिवस झाल्यावर भारद्वाज उडत राजवाड्यात आला आणि कुमुद्वतीच्या खिडकीत बसला. तो म्हणाला, की राजाने जिवंतपणीच आपली दारे तुझ्या वाक्याशी बांधून ठेवली आहेत, आपल्यामागे ती तुझी व्हावीत म्हणून. तिने त्याच्या कानात आपले वाक्य सांगितले. त्याचे पोट उघडले.

"ग्रंथशाळेचे दार," भारद्वाज म्हणाला. "कच्ची चिंच नुसती पाहिली तरी पद्मरेखेला शिंक येई आणि मग ती माझ्यावरच रागावे."

कुमुद्वती भिंतीला टेकून खाली बसली.

"आयुधशाळेचे दार. पहिल्या भेटीत ती म्हणाली, महाराज, आपला शेला उलटा आहे. शयनगृहाचे दार. कुमुद्वती जन्मली तेव्हा पद्मरेखा तिची बोटे पुन्हा पुन्हा मोजत होती आणि दर वेळी चुकत होती."

असा तो दारामागून दार सांगत गेला. आईच्या या गोष्टी तिला कुणी कधी सांगितल्या नव्हत्या. दुसऱ्या कुणाला त्या ठाऊकच नव्हत्या. सांगून झाल्यावर भारद्वाज म्हणाला, की धनी गेला, आता रीतीप्रमाणे या दारांना नवी वाक्ये दिली पाहिजेत. कुमुद्वतीने होकार दिला, आणि पुढे तिने ती दिलीही.

पण त्या दिवशी नाही. त्या दिवशी ती एकेका दारापाशी गेली, चौकटीशी ओठ नेऊन वडिलांचे वाक्य हळूच बोलली, दार सरले की ते पुन्हा मिटू दिले, आणि पुन्हा बोलली.