हळदीचा पंजा

फार जुनी गोष्ट आहे. राजे अजून गादीवर होते आणि मोटारी मात्र जुन्या होऊ लागल्या होत्या, अशा काळातली.

एका डोंगराच्या पायथ्याशी दोन राज्यं होती आणि दोन्हींत मिळून कालवा एकच. उन्हाळ्यात पाण्याची पहिली पाळी कोणाची, यावरून दरसाल डोकी फुटत. शेवटी दोन्हीकडच्या थोरल्या राजांनी एक रीत घालून दिली. दोन्ही राज्यांच्या मोटारींनी घाट चढायचा. जी आधी खिंडीत पोचेल, तिच्या राज्याला पहिली पाळी. दुसऱ्याने उरल्यासुरल्यावर भागवायचं.

आणखीही एक रीत होती. मोटारीला नवा भाग बसवायचा तर राज्याच्या मिस्त्रीने आधी त्यावर हळदीचा पंजा उमटवायचा. पंजा नसेल तर राजालासुद्धा तो भाग बसवता येत नसे.

यातल्या एका राज्याचा मिस्त्री आता म्हातारा झाला होता. हत्यारं उचलून तो थकला नव्हता, बोलून बोलून थकला होता. राजाला मोटारीचं वेड फार आणि समज बेताची. बॉनेटपुढे चांदीचा मोर हवा, चाकं उंच हवीत, एक ना दोन. मिस्त्रीने नको म्हणायचं, राजाने रुसायचं, आणि शेवटी मिस्त्रीचं खरं ठरलं की सगळ्यांनी विसरून मोकळं व्हायचं. बिचाऱ्याचा जन्म त्यात गेला.

त्या साली इंजिनाच्या ब्लॉकला तडा गेला. ब्लॉक म्हणजे इंजिनाचं धडच. नवा घेणं आलं. व्यापाऱ्याने गाडाभर माल आणून अंगणात मांडला. राजाला चकचकीत, हलका ब्लॉक आवडला. मिस्त्रीने त्यावर हातोडीने हलकेच ठोका दिला. आवाज बद्द आला. मग बाजूच्या काळ्या, बिडाच्या ब्लॉकवर दिला. तो घंटेसारखा वाजला.

"महाराज, चकचकीत आहे त्याला आतून चीर आहे. काळा घ्या."

"तुम्हाला माझी कुठलीच निवड पटत नाही, मिस्त्री."

वाद दुपारपर्यंत चालला. काळा ब्लॉक ठरला, पण मिस्त्रीचा घसा बसला आणि राजाचं तोंड फुगलं.

मग आली हेडं. हेड म्हणजे धडावरचं झाकण, इंजिन श्वास घेतं ते त्यातूनच. व्यापाऱ्याकडे दोन जोड्या होत्या, एक हवेच्या अरुंद वाटांची आणि एक रुंद वाटांची. राजाने रुंद जोडीवर हात ठेवला. "जितका मोठा श्वास, तितका मोठा जोर. खरं ना?"

मिस्त्रीला ठाऊक होतं, हे खरं नाही. रुंद हेडं भरधाव पळणाऱ्या गाडीची. घाटातल्या वळणावर इंजिन मंदावलं की त्यांत हवा रेंगाळते आणि जोर गळून जातो. पण हे सांगायचं म्हणजे पुन्हा तोच वाद, पुन्हा तेच फुगलेलं तोंड. त्याला नको झालं होतं. एक दिवस तरी कुणाशी न भांडता घरी जाऊन पडावं, एवढंच त्याच्या मनात होतं.

"तुम्ही म्हणाल तसं, महाराज," तो म्हणाला. हळदीत हात बुडवून त्याने दोन्ही हेडांवर पंजा उमटवला.

शर्यतीच्या दिवशी सपाटीवर राजाची मोटार अशी गरजत सुटली की लोकांनी टोप्या उडवल्या. पहिल्या वळणावर ती मंदावली. दुसऱ्यावर धापा टाकू लागली. तिसऱ्यावर जागीच थांबली. शेजारच्या राज्याची मोटार कुरकुरत, पण न थांबता, बाजूने निघून गेली.

पाण्याची पहिली पाळी गेली. दुसरी आली तेव्हा कालव्याच्या तळाशी चिखल होता.

राजाने विचारलं, "तुम्हाला माहीत होतं, मिस्त्री?"

"होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"थकलो होतो, महाराज."

राजा म्हणाला, "तुम्हाला थकवलं मी. तो दोष माझा." आणि त्याने मान खाली घातली. मिस्त्रीला वाटलं, आता आपण सुटलो.

घरी जाताना वाटेत माळिणीचा मळा लागला. तिची वांगी फुलावरच वाळली होती. ती बांधावर बसली होती. तिने मिस्त्रीला शिवी दिली नाही की बोल लावला नाही.

"मोटार घाटात थांबली तेव्हा बॉनेट उघडलं होतं," ती म्हणाली. "मी बघितला तुमचा पंजा. तापून करपला होता, पण वळखू येत होता. वरीसभर आमी त्याच्याच भरवशावर निजलो, मिस्त्रीदादा."

मिस्त्रीने आपला हात धोतराच्या सोग्यात लपवला.

जाणत्याने कंटाळून दिलेला होकार अजाणत्याच्या हट्टाहून महाग पडतो, आणि त्याची किंमत तिसराच कुणीतरी मोजतो.