तांबवेकर सरांचं शेवटचं सत्र

"पण गाईडनं आणखी करायचं तरी काय, सर?"

टेकडीच्या पायऱ्या चढता चढता रणदिवे विचारत होते. मागून तांबवेकर सर काठी टेकत येत होते.

विद्यापीठानं पीएच.डी.च्या मार्गदर्शकांसाठी शिबिर भरवलं होतं. संशोधन करणाऱ्या मुलांना कसं सांभाळावं, हे प्राध्यापकांना शिकवायचं. आयुष्यभर हेच केलेले म्हणून शेवटचं सत्र तांबवेकर सरांना दिलं होतं. सरांनी माईक बाजूला सारला. मी टेकडीवर चाललोय, म्हणाले, ज्याला यायचं त्यानं यावं.

बाकीच्यांना दुपारच्या जेवणातली बासुंदी जड झाली होती. एकटे रणदिवे उठले. कधीकाळी ते सरांचेच विद्यार्थी.

"दमलास?"

"दमलोय, सर. चढानं नाही."

"हं..."

रणदिव्यांची विद्यार्थिनी नजमा मुलाणी सोमवारी सगळं सोडून गावी परत जाणार होती. प्रबंध अर्ध्यावर. तिच्याआधी एकजण असाच गेला होता. नजमा तर हुशार. तीही गेली, तर आपल्या हातून यापुढे कुणी घडेल असं रणदिव्यांना वाटत नव्हतं. या विचारानं ते पार खचले होते.

चालता चालता त्यांनी सगळं सांगितलं. विषय त्यांनी सुचवला. फेलोशिपसाठी दारोदार तेच फिरले. तिचा पहिला लेख ओळ न् ओळ त्यांनीच लिहून काढला, तिला त्रास नको म्हणून. आणि शेवटी काय, पालथ्या घड्यावर पाणी.

"मी तिच्यासाठी काय नाही केलं, सर?"

मागून उत्तर आलं नाही. सरांना पटतंय असं समजून रणदिवे बोलत राहिले, चढत राहिले.

"काही अडलं होतं तर एकदा बोलायचं. मी काय तिला खाणार होतो?"

...

"तोंड उघडायला काय झालं होतं, सांगा ना."

...

वर देवळाशी पोचल्यावर ते वळले. मागे कुणीच नव्हतं. रिकाम्या पायऱ्यांवर नुसतं ऊन पडलं होतं.

रणदिवे धावतच उतरले.

बऱ्याच खाली, वळणावर सर सापडले. पायरीवर बसले होते. एक चप्पल काढलेली, तिचा अंगठा तुटलेला.

"सर... केव्हापासून बसलायत?"

सरांनी जरा आठवून पाहिलं.

"मी तिच्यासाठी काय नाही केलं, म्हणालास ना... तेव्हापासून."

रणदिवे शेजारी मटकन बसले.

"मग हाक मारायची, सर."

"मारली होती."