दोन चाकांमधला दांडा

“मग दांडा काढला, तर बिघडलं कुठं, उस्ताद?”

गॅरेजचे उस्ताद बाबालाल मुजावर जीपखाली उताणे पडून चाकांकडे पाहत होते.

पुढच्या दोन चाकांना एकमेकांशी जखडून ठेवणारा तो पोलादी दांडा हणमंत ढेबेने स्वतःच्या हाताने उतरवला होता. विद्या घाटमाथ्यावरच्या याच गॅरेजातली; निर्णय मात्र त्याचा एकट्याचा.

“आज ओढा एका दमात ओलांडला. एक चाक धोंड्यावर चढलं, तरी दुसरं आपलं खाली खळग्यात. चारही चाकं भुईला! पूर्वी एखादं अधांतरी गरगरत राहायचं.”

“ठाऊक आहे.”

ते साऱ्या धनगरवाड्याला ठाऊक होते. श्रावणात त्या अधांतरी चाकापायी जीप ओढ्यात दीड तास अडकून पडली, आणि हणमंताची वहिनी तिथेच गेली, पोटातल्या जिवासकट. तेव्हापासून लोक रोग्याला झोळीत घालून खांद्यावरून नेत. हणमंताच्या जीपमध्ये कोणी पाऊल ठेवीत नसे. उस्ताद हो म्हणाले, तरच पुन्हा बसू, एवढेच त्यांनी सांगितले होते.

“दांडा आहे कुठं?”

“गोठ्याच्या दाराला आडणा केलाय.”

“डांबरी लागली की परत जोडायचा. शिकवलं होतं.”

“मागं रोगी कण्हतोय, आणि मी चिखलात पडून नट आवळत बसू?”

उस्ताद बाहेर आले. हात पुसले. मग जीपच्या मागच्या बाकावर आडवे झाले आणि त्यांनी डोळे मिटले.

“हे काय?”

“मी रोगी. खाली दवाखान्यात ने.”

हणमंत हसला. त्याने जीप घाटात घातली.

पहिल्याच वळणावर, आवरून धरायला दांडा नसल्याने, गाडीचे सारे अंग दरीकडे कलले. मागे काहीतरी धाडकन आपटले. आरशात पाहिले, तो उस्ताद दोन बाकांच्या मध्ये पडलेले. कपाळाला खोक, डोळे मिटलेलेच.

“उस्ताद, लागलं का?”

. . .

दुसऱ्या वळणावर त्याने वेग निम्मा केला. तिसऱ्यावर त्याहून कमी. धुके दाटले होते. मागून आलेला दुधाचा टेम्पो कर्कश हॉर्न वाजवीत पुढे निघून गेला.

“वरात हाय का रं?” टेम्पोवाला ओरडला.

हणमंताने मान वर केली नाही. एकेक वळण तो तळहातावर दिवा न्यावा तसा उतरत राहिला. अर्ध्या तासाच्या घाटाला सव्वा तास लागला.

दवाखान्याच्या दारात त्याने जीप थांबवली. घाम पुशीत तो मागे आला.

“त्या पहिल्या वळणानंतर एकदा तरी हललात का? आता सांगा वाड्यावर.”

उस्तादांनी डोळे उघडले नाहीत.

“काय सांगू, हणमंता? … मी बाराव्या वळणालाच मेलो.”