वरचा उजेड

“पण बुवा, सगळे दिवे नेलेत, मग तो उजेड येतो कुठून?”

रणधीर इंगवले एका फ्रेंच सिनेमाबद्दल विचारत होता. सिनेमा सिनेमाच्याच शूटिंगचा. त्यात अपघात होतो, एकेक माणूस सेट सोडून जातो, आणि शेवटी रिकाम्या सेटवर दिग्दर्शक एकटा उरतो. डोक्यावर मात्र लख्ख उजेड!

रणधीरनं तो अकरा वेळा बघितला होता. बाबूबुवांनी एकदाही नाही. चाळीस वर्षं कोल्हापुरात शूटिंगला शॉटआधी पाटी वाजवून क्लॅप देऊन बुवा आता नदीकाठच्या मठात राहत होते.

“ते ऱ्हाऊ दे. तुझा सिनेमा कुठवर आला?”

आता आली का पंचाईत!

“थांबलाय. माणसं पळाली. न लावलेल्या दिव्याचा उजेड म्हणे प्रत्येक शॉटमध्ये वरून पडतो... अडाणी लेकाचे! उद्या पुन्हा सुरू करतोय. तेवढं या क्लॅपच्या पाटीला हळदकुंकू लावा.”

बुवांनी पाटी मांडीवर घेतली.

“कोण गेलं?”

“...भिकाजी. लाइटमन. हातात दिवा धरून वर फळीवर उभा होता. फळी मोडली. जागीच गेला.”

“आधी करकरली असंल की.”

“करकरली.”

“मग उतरला का न्हाई?”

सेटवरचा नेम दोघांनाही ठाऊक होता. दिग्दर्शक ‘कट’ म्हणेपर्यंत कुणी हलायचं नाही. भिकाजी वीस वर्षांत कधी हलला नव्हता. आणि त्या दिवशी शॉट असा काही रंगला होता, की...

“मी ‘कट’ म्हणालोच नाही, बुवा. करकर ऐकली, तरी नाही म्हणालो. अजून नाही.”

एवढं बोलला आणि ढसाढसा रडायला लागला.

बुवांनी हळदकुंकवाचा करंडा बाजूला सारला. पाटी उलटी धरली. सुरुवातीचा क्लॅप राहून गेला, की शॉटच्या शेवटी तशीच उलटी धरून देतात.

ठाप्!

मठाला वर झरोका नव्हता. तरी रणधीरची सावली हळूहळू आखडत पायाशी गोळा झाली. मान तापली. डोक्यावर कुठंतरी लाकूड करकरलं.

वर बघायची त्याची छाती होईना.

“बुवा... वर कोण आहे?”

बुवांनी पाटी खाली ठेवली.

“बिचाऱ्याचे हात भरून आले असतील रे,” ते म्हणाले. “म्हण आता.”