हिरड्याच्या अंगावरचं दगडफूल

घाटातल्या वाटेवरून माणसं अजून पायीच जात, तेव्हाची गोष्ट. तिथे एक म्हातारा हिरडा होता आणि त्याच्या खोडावर राखाडी दगडफूल पसरलं होतं. हिरड्याला त्याची भारी लाज वाटे.

"अंगभर खरूज झाल्यासारखं दिसतं," तो कुरकुरे.

"मी तुझं काही खात नाही रे," दगडफूल म्हणे. "मला साल नाही, मुळं नाहीत. वारा आणेल तेच माझं जेवण."

एका हिवाळ्यात खालच्या वाडीत विटांची भट्टी लागली. धूर वर चढू लागला, तसं दगडफूल करपलं आणि गळून गेलं. हिरडा खूश झाला.

चैत्रात खालच्या वाडीतली ठकूबाई नेहमीसारखी मसाल्यासाठी दगडफूल खरवडायला आली. आता ही आपलं रूप वाखाणणार, म्हणून हिरडा ताठ उभा राहिला. तिने उघड्या सालीवरून हात फिरवला.

"मेलं की रे तुझं दगडफूल," ती म्हणाली. "म्हणजे माझी धाकटी उगाच नाही खोकत."

ती तडक भट्टीवर गेली. भट्टी तिच्या भावाचीच होती. "दादा, दगडफूल गेलं. आता पोरांची पाळी यायची वाट बघतोस का?" भावाने भट्टी विझवली आणि लांब माळावर नेली.

तेव्हा कुठे हिरड्याने आपल्या पानांकडे पाहिलं. त्यांच्याही कडा काळवंडल्या होत्या.

बऱ्याच पावसाळ्यांनंतर त्याच्या सालीवर नखाएवढा राखाडी ठिपका उमटला. तेवढ्यात एक सुतारपक्षी तिथेच येऊन बसला.

"बाबा, जरा पलीकडे टोच मार," हिरडा हळूच म्हणाला. "इथे आमच्या घरचं माणूस नुकतंच परत आलंय."