हळूहळू दिलेली वीज

एकदा एक हळदीचा व्यापारी एक जुना रेडिओ धोतराच्या पानात गुंडाळून, तान्हे मूल आणावे तसा छातीशी धरून, एका वृद्ध कारागिराच्या दारात येऊन उभा राहिला. व्यापाऱ्याचे नाव मन्मथअप्पा. गावात मान मोठा, आवाज त्याहून मोठा. कारागिराला सारे गाव नरहर गुरुजी म्हणे. पूर्वी ते तंत्रशाळेत शिकवीत. निवृत्तीनंतर घराच्या पुढल्या खोलीत बसून लोकांचे बिघडलेले रेडिओ, टीव्ही, पंखे दुरुस्त करीत. त्यांच्याजवळ हेमांगी नावाची एक तरुण स्त्री हे काम शिकत होती. तिचा हात चपळ होता आणि नजर तीक्ष्ण. फक्त थांबणे तिला जमत नसे.

"गुरुजी, हा आजच्या आज वाजला पाहिजे," अप्पा म्हणाले. "उद्या सकाळी आमची मंडळी घरी येतेय."

ते ऐकून गुरुजींनी हातातले काम बाजूला ठेवले. अप्पांच्या पत्नी गिरिजाबाई यांचे दुखणे गावाला ठाऊक होते. हसतीखेळती बाई एकाएकी बोलेनाशी झाली होती. जेवण सुटले, झोप उडाली, उंबऱ्याबाहेर पाऊल पडेना. कशाने झाले, हे कुणालाच सांगता आले नाही. आधी शहरातले इस्पितळ झाले, मग माहेरी भावाकडे राहणे झाले; यात दोन उन्हाळे उलटले. आता त्या बऱ्या होऊन परतत होत्या.

"हा तिच्या माहेरचा रेडिओ," अप्पा सांगू लागले. "लग्नात आलेला. पीठ मळताना, निवडटिपण करताना हा चालूच असायचा. ती आजारी पडली आणि मी तो माळ्यावर टाकला. उद्या ती दारात पाऊल ठेवेल तेव्हा हा मोठ्यानं वाजत असला पाहिजे. मांडव घातलाय, हलगीवाले सांगितलेत, सगळी भावकी जेवायला बोलावलीये. तिला वाटलं पाहिजे की मधलं काही घडलंच नाही!"

गुरुजींनी रेडिओ हेमांगीपुढे सरकवला.

हेमांगीने मागचे झाकण काढले. आत धुळीचा थर होता, कोळ्यांची जाळी होती. पण तारा शाबूत होत्या. तिची नजर थेट कंडेन्सरवर गेली. कंडेन्सर म्हणजे वीज क्षणभर साठवून ठेवणारी छोटी नळकांडी. वीज कधी चढते, कधी उतरते; चढली की हे तिला पोटात घेतात, उतरली की पदरचे देतात, म्हणून पुढचा आवाज स्थिर राहतो. पण वर्षे गेली की ते आतून सुकतात. इथेही काहींची डोकी फुगली होती, काहींतून चिकट रस ओघळला होता. तिने एकेक तपासला, निकामी झालेले काढले, त्याच मापाचे नवे बसवले, कथलाचा डाग देऊन जोड पक्के केले. मधोमध एक मोठा कंडेन्सर उभा होता. तो तिने मीटरवर पुन्हा पुन्हा पाहिला.

"हा फुगलेला नाही, गळलेलाही नाही. नुसता पडून राहिलाय," ती म्हणाली. "याला बदलायची गरज नाही."

"बरोबर," गुरुजी म्हणाले.

दुपार व्हायच्या आत काम संपले. अप्पांचा चेहरा उजळला. हेमांगीने वायर उचलली आणि भिंतीवरच्या सॉकेटकडे हात नेला, तोच गुरुजींनी तिचे मनगट धरले.

मग त्यांनी जे केले त्याचा अर्थ दोघांनाही कळेना. कपाटातून त्यांनी पिवळ्या उजेडाचा जुन्या पद्धतीचा एक लहान दिवा काढला. विजेच्या वाटेत तो दिवा अशा रीतीने जोडला, की रेडिओकडे जाणारी वीज आधी त्याच्यातून जावी. बटण दाबले. दिवा पेटला. रेडिओतून मात्र ना गाणे, ना खरखर. गुरुजी स्टुलावर बसले आणि दिव्याकडे पाहत राहिले.

"गुरुजी, खराब होते ते सगळे बदललेत," हेमांगी हळूच म्हणाली. "मग अडलंय कुठे?"

"अडलं काहीच नाही. याला वेळ लागेल. अप्पा, रेडिओ उद्या संध्याकाळी मिळेल."

अप्पा उसळले. "उद्या संध्याकाळी? मग उपयोग काय? सकाळचा मुहूर्त आहे! ही पोरगी म्हणते झालं, आणि तुम्ही दिवा लावून बसता. मी काय थट्टा करायला आलोय का?"

हेमांगीला ओशाळल्यासारखे झाले. तिलाही आतून तेच वाटत होते. गुरुजींनी मात्र दुसरे स्टूल ओढून अप्पांपुढे ठेवले.

"बसा. याच्याकडे बघा थोडा वेळ."

कोणी सांगितले म्हणून बसणारे अप्पा नव्हते. तरी ते बसले. दिवा सुरुवातीला चांगलाच लखलखत होता. बराच वेळ गेला तेव्हा हेमांगीच्या ध्यानात आले, की त्याचा उजेड मंदावतो आहे.

"दिवा का विझत चाललाय?" अप्पांनी विचारले.

"विझत नाहीये. आतला सावरतोय, म्हणून वीज कमी ओढतोय." गुरुजींनी मोठ्या कंडेन्सरकडे बोट दाखवले. "याच्या आत एक अतिशय पातळ थर असतो. त्या थराच्या जोरावरच हा वीज धरून ठेवतो. दीर्घ काळ पडून राहिला की तो थर झिजतो. असा कंडेन्सर मेलेला नसतो, अप्पा. पण त्याला एकदम पूर्ण दाबाची वीज दिली, तर ती त्याला पेलत नाही. तापतो, फुटतो, आणि आपण म्हणतो, हा मुळातच वाईट होता. तीच वीज या दिव्यातून थोडी थोडी दिली, तर तो थर पुन्हा आपला आपण धरतो. आपण तो लावू शकत नाही. आपल्या हाती एवढंच, की त्याला झेपेल तेवढंच द्यायचं आणि जवळ बसून राहायचं."

हेमांगी म्हणाली, "पण नवे बसवलेले तर लगेच चालतात."

"नवे म्हणजे नवे, बाळ. ज्याला बदलता येत नाही, त्याची रीत वेगळी."

अप्पांची बोटे गुडघ्यावर चाळवत होती. ती हळूहळू थांबली.

"डॉक्टर मला म्हणाले होते," ते बोलले, आणि त्यांचा आवाज ओळखू येऊ नये इतका खाली आला होता, "अप्पा, हळूहळू घ्या. मला वाटलं, औषधाच्या गोळ्यांबद्दल बोलतायत."

गुरुजींनी दिव्यावरची नजर काढून त्यांच्याकडे पाहिले.

"खरं सांगू का, गुरुजी? हलगी, मांडव, पाहुणे... हे तिच्यासाठी नाहीच. घर गप्प असलं की मला धडकी भरते. ती बोलायची थांबली तेव्हा घर असंच झालं होतं. भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायचं. उद्या ती आली आणि पुन्हा तेच झालं, तर मी काय करू? म्हणून म्हटलं, आवाज भरून टाकावा."

"भीती वाटणारच," गुरुजी म्हणाले. "माणूस आपलं आहे, म्हणून वाटते."

अप्पांनी उपरण्याने डोळे टिपले. हेमांगीने मान खाली घालून उगाच हत्यारे पुसायला घेतली. मग अप्पा उठून दारात गेले आणि त्यांनी फोन लावला. मांडववाल्याला सांगितले, मांडव उतरवा. हलगीवाल्याला सांगितले, येऊ नका. ठरलेली बिदागी घरपोच मिळेल. शेवटचा फोन बहिणीला होता; पलीकडून तिचा आवाज चढलेला ऐकू येत होता. अप्पा तिला म्हणाले, "अगं, लोक काय म्हणायचं ते म्हणू देत. जेवण नंतर घालू. ती म्हणेल तेव्हा घालू."

ते पुन्हा येऊन स्टुलावर बसले. गुरुजींनी लहान दिवा काढून त्या जागी थोडा मोठा, जास्त वीज पुढे सोडणारा दिवा लावला. त्या दिवशी अप्पा दुकानात गेलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी कलत्या उन्हात हेमांगी रेडिओ घेऊन अप्पांच्या घरी गेली. सकाळी गुरुजींनी तो पूर्ण विजेवर लावून पाहिला होता, आणि त्यातून एका बाईचा बातम्या वाचण्याचा आवाज असा स्वच्छ आला होता, की हेमांगीला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. आता गिरिजाबाईंचा चेहरा कसा फुलेल, हे पाहण्याची तिला घाई झाली होती.

अंगण झाडलेले होते. दारात एक साधे तोरण होते, बाकी काही नाही. गिरिजाबाई मधल्या खोलीत खिडकीपाशी बसल्या होत्या. अंगाने पार वाळल्या होत्या. केस मात्र नीट विंचरलेले. हेमांगीने रेडिओ फळीवर ठेवला. गिरिजाबाई उठल्या, जवळ आल्या आणि त्याच्या लाकडावरून हात फिरवीत उभ्या राहिल्या.

अप्पांचा हात बटणाकडे गेला. तिथेच थांबला.

"लावू का?" त्यांनी विचारले.

गिरिजाबाईंनी बराच वेळ उत्तर दिले नाही. घड्याळाची टिकटिक ऐकू येऊ लागली.

"आज नको," त्या म्हणाल्या.

"बरं," अप्पा म्हणाले. त्यांनी हात मागे घेतला आणि भिंतीला टेकून, बायकोपासून थोडे अंतर राखून, जमिनीवर बसले. घर पुन्हा शांत झाले. या वेळी ते त्या शांततेतून उठून गेले नाहीत.

थोड्या वेळाने गिरिजाबाईंनी वळून त्यांच्याकडे पाहिले. जरा निरखूनच पाहिले.

"किती वाळलात," त्या म्हणाल्या. "जेवलात का सकाळी?"

अप्पांनी मानेनेच नाही म्हटले. गिरिजाबाई सावकाश स्वयंपाकघराकडे वळल्या. हेमांगीने चपला हातात घेतल्या आणि पायऱ्या उतरेपर्यंत त्या पायात घातल्या नाहीत.

गुरुजी एक बंद पडलेला टीव्ही उघडून बसले होते. "काय ग, लागला रेडिओ?" त्यांनी विचारले.

"लावलाच नाही त्यांनी," हेमांगी म्हणाली. कालची हेमांगी असती, तर या शब्दांत निराशा असती. आज ती नव्हती.

गुरुजींनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिले, चष्मा नाकावर नीट केला आणि आपल्या शेजारची जागा तिच्यासाठी मोकळी करून दिली.

आपल्या घरी कुणी दीर्घ मौनातून परतून आले, तर त्याच्या स्वागताला एवढेच करावे: 'लावू का?' असे विचारावे, आणि 'आज नको' हे उत्तर आले, तरी जवळ बसून राहावे.