फ्रिजची पाठ

शकूमावशींच्या स्वयंपाकघरातली ही जुनी गोष्ट. हळदीकुंकवाला बायकांना जागा हवी म्हणून फ्रिज भिंतीला चिकटवला, तो तसाच राहिला. वर्षभरात दूध नासू लागलं.

"या दाराच्या रबरानंच गारवा बाहेर सोडला!" फ्रिज सगळ्या भांड्यांसमोर ओरडला. म्हातारं रबर दाराला घट्ट धरून राहिलं.

दस्तगीर मेकॅनिक आला. त्यानं दारात कागद धरून दार लावलं आणि कागद ओढला, तो हलेना. "मावशी, रबर ठणठणीत आहे," म्हणत त्यानं फ्रिज पुढे ओढला. मागच्या जाळीवर धुळीचा बोटभर थर! "भिंतीला चिकटून उष्णता बाहेर पडेना, हा मागून गुदमरलाय."

भांडी बघतच राहिली. फ्रिजला तोंड लपवावंसं वाटलं, पण हिसक्यानं दार उघडलं होतं आणि आतला दिवा लख्ख पेटला होता.

तेव्हा म्हाताऱ्या रबरानंच दार हळूच ओढून घेतलं.